पायलीभर चुना

१९ नोव्हेंबर २०२४
गोंदिया, दवाखान्यातून

रोशन,

जिवंत आहेत.

'प्रिय' लिहायला हात उठला नाही म्हणून सरळ सुरू करते. तुझे भाऊजी जिवंत आहेत, एवढं आधी वाच आणि मग वाटलं तर कागद फाडून टाक. काल तुझ्या वकिलाच्या माणसानं मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर गाठलं. म्हणाला, "रोशननं पुसलं आहे, भाऊजीची तब्येत कशी आहे." मी म्हटलं, "त्याले सांगा, कुऱ्हाड मारून तब्येत पुसाची रीत कोण्या गावची आहे?" बिचारा आल्या पावली गेला. त्याच्यावर ओरडून काही होत नाही, मला कळतं. पण समोर तू नव्हतास ना.

हवालदाराच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. मारणारा माझा सख्खा लहान भाऊ आणि मार खाणारा माझा नवरा ओमेश, हे त्यानं मला पुन्हापुन्हा विचारलं. मी म्हटलं, लिहा हो, दोन्ही खरं आहे. जबाबात मी फक्त 'रोशननं मारलं' एवढंच सांगू शकले. कसं मारलं, किती वार केले, हे त्यानं विचारलं तेव्हा माझी दातखीळ बसली होती. तो म्हणाला, कोर्टात सांगा मॅडम.

त्या दिवशीची साडी नर्सनं पिशवीत बांधून दिली आहे. ती मी अजून उघडली नाही. वास येतो म्हणून पिशवी खाटेखाली पार आत सरकवून ठेवली आहे.

तुला वाटतं यांनी बोडीत जहर टाकलं. बोडी ती केवढी! आजोबांनी शेतात खोदलेलं एवढंसं तळं. त्यात तू मच्छीचं बीज सोडलंस, पोरांसारखं वाढवलंस, सगळं कबूल. आदल्या संध्याकाळी हे बोडीवर गेले होते, तेही कबूल. कायले गेले होते? बाबांनीच फोन केला होता, बोडीवरच्या पंपाची मोटार जळली म्हणून. कोहमाऱ्याचं दुकान बंद करून, मला मागे बसवून, हे एवढ्या लांब केशोरीकडे आले ते तुमची मोटार सोडवून न्यायला. हातात डबा होता तो ऑइलचा. अंधार पडला, मोटार सकाळी काढू म्हणून रात्री बाबांकडेच राहिलो. गावानं डबा पाहिला, सकाळी तू पांढऱ्या पोटाच्या मच्छ्या पाहिल्यास, आणि झाला तुमचा निकाल. दिवाळीत ताईनं हक्कसोडावर सही केली नाही, म्हणून जावई बोडी नासवायला निघाला! वा रे पठ्ठे.

सही मी केली नाही आणि करणारही नाही. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी.

हात बांधून ठेवला आहे. डॉक्टर बघून राहिले.

नूतन


८ डिसेंबर २०२४
कोहमारा

रोशन,

तुझं पत्र मिळालं. सरकारी वकील म्हणाले, आरोपीशी पत्रव्यवहार करू नका. मी म्हटलं, आरोपी तुमचा, माझा भाऊ आहे. जेलवाले वाचत असतील तर वाचू दे, मला कोणाची लाज नाही.

तू लिहिलंस, "त्यानं माह्या मच्छ्या मारल्या, मी त्याले मारलो. बराबर झालं."

बराबर? कोणत्या तराजूत रे? एका पारड्यात रोहू-कतला आणि दुसऱ्यात माझा नवरा? तुला लहानपणी अंगणात बसवून बेरीज-वजाबाकी मी शिकवली आहे. तेव्हा तुझं चुकलं की तुझ्या पाठीत एक धपाटा घालायची. कमी घातले, असं आता वाटतं.

मागच्या पत्रात 'हात बांधून ठेवला आहे' असं लिहिलं होतं. तेव्हा हात काढून झाला होता. उजवा, कोपराच्या खाली. मी तुझ्यापासून का लपवलं? तुला वाईट वाटेल म्हणून नाही. तुला बरं वाटेल, अशी भीती वाटली.

मोटार वाइंडिंग करणाऱ्या माणसाला दोन हात लागतात. एका हातानं तांब्याची तार ओढायची, दुसऱ्यानं वेढे बसवायचे. दुकानाचं शटर बंद आहे. सकाळी हे उठतात आणि उजव्या हातानं टॉवेल घ्यायला जातात. टॉवेल तिथंच राहतो. मग माझ्याकडे बघून हसतात. ते हसणं बघितलं की मला तुझा जीव घ्यावासा वाटतो. खरंच सांगते, शाळेतल्या प्रयोगशाळेचं कपाट उघडताना बाटल्यांवरची नावं वाचते आणि मनात काय काय येतं ते लिहिण्यासारखं नाही.

परवा बाबा आले होते. डोक्याला दुपट्टा, हातात केळी. यांच्याकडे पाहिलं नाही, केळी ठेवली आणि मला बाहेर ओट्यावर नेलं.

"नूतन, एकच वार म्हण व. झटापट झाली, कुऱ्हाड ओढताओढता लागली म्हण."

"आणि खांद्यावरचा? तो कोणी मारला?"

"तो बी त्यातच लागला म्हण. दोघं एकमेकाच्या अंगावर आले होते म्हण. गाववाले मंग आले, दुसरं पाहनारं कोणी नोहतं. तू दोन वार म्हणशील तं पोरगा जेलातच सडते."

"बाबा, मी पाहिलं आहे."

"पाहिलं तं काय झालं? तू बहीण होस का कोण होस?"

तर ऐक मी काय पाहिलं. तुला कोणी सांगितलं नसेल आणि तुला स्वतःला ते आठवायचं नसेल. मी धानाच्या बांध्यांच्या पलीकडून धावत येत होते. धान कापलेलं, पायात खुंट घुसत होते, चप्पल चिखलात राहिली. पहिला वार खांद्यावर बसला तो आवाज मला तिथपर्यंत आला. हे बोडीच्या काठच्या पाळीवर उताणे पडले. आणि तू थांबलास. कुऱ्हाड खाली होती. मला वाटलं, संपलं, देवा, संपलं एकदाचं. यांचे ओठ हलले. काहीतरी बोलले तुझ्याशी. मला ऐकू आलं नाही. आणि मग तू पुन्हा कुऱ्हाड उचललीस. यांनी हात आडवा घातला म्हणून हात गेला. नाहीतर आज मी कुंकू पुसून हे पत्र लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं.

पडलेल्या माणसाशी झटापट होत नाही रोशन.

काय बोललात त्याला, असं मी यांना विचारलं. म्हणाले, आठवत नाही.

नूतन


२१ जानेवारी २०२५
कोहमारा

रोशन,

तुझ्या दोस्ताला, त्या टिंकूला सांग, पुढच्या वेळी डोकं फोडीन.

शाळा सुटल्यावर कोहमाऱ्याच्या चौकात, धाब्यांच्या पुढे, ट्रक उभे राहतात तिथं त्यानं गाडी आडवी घातली. म्हणे, "मॅडम, साक्षीले जाल तं बघा, भाऊजीचा एकच हात गेला आहे." माझं मनगट पिरगाळलं. मी दुसऱ्या हातानं हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा नाही. ट्रकवाल्यांनी मला ओढून बाजूला केलं, त्याला नाही. एक सरदारजी म्हणाला, "बस करो बेटी, मर जाएगा." त्याचा दात माझ्या हेल्मेटच्या काचेत अडकला होता. मला आणखी मारायचं होतं.

हे असं आहे बघ. तू एक कुऱ्हाड उचललीस आणि आता सगळ्यांच्या हातात काही ना काही आहे. घरावर दगड पडले, कौलं फुटली. माझी जाऊ अनुसयाबाई उशाशी विळा घेऊन झोपते.

बोडीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. कोणतंही कीटकनाशक नाही, कोणतंही जहर नाही. तू लिहिशील, पैसे देऊन रिपोर्ट लिहून घेतला. लिही. मग मच्छ्या कशानं मेल्या, ते तूच शोध. तुझ्याकडे वेळ भरपूर आहे.

नूतन


१३ जुलै २०२५
कोहमारा

रोशन,

मधले महिने मी लिहिलं नाही. तुझी दोन पत्रं आली, ती न उघडता डब्यात टाकली होती. आज उघडली. दोन्हीत तेच. त्यानं मारल्या, त्यानं मारल्या, त्यानं मारल्या. आता गप्प बस आणि ऐक. मच्छ्या कोणी मारल्या ते मी सांगते.

शाळा सुरू झाली. नववीच्या पोरांना दरवर्षी मी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवते. द्रव्य म्हणजे काय? जे जागा व्यापतं आणि ज्याला वस्तुमान असतं, ते. दगड, पाणी, हवा, तुम्ही, मी. पोरं ही व्याख्या घोकतात आणि विसरतात, कारण त्यांना वाटतं, जागा आणि वजन एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. जास्त जागा म्हणजे जास्त वजन. म्हणून मी एक पेला घेते. त्यात धान भरते, काट्यावर ठेवते, आकडा फळ्यावर लिहिते. तोच पेला रिकामा करून त्यात दुसरं काहीतरी भरते. वाळू असते बहुतेक. यंदा वाळू ओली होती, म्हणून मैदानावर रेषा मारायच्या चुन्याची भुकटी घेतली.

धान हलकं. दाण्याला टरफल, दाण्या-दाण्यात हवा. चुना दाबून बसतो. आकडा जवळजवळ दुप्पट आला. मागच्या बाकावरच्या प्रेमिलानं विचारलं, "मॅडम, मंग आमच्या घरी पायलीनं सगळंच मोजतेत, ते चूक आहे का?" मी म्हटलं, "धान मोज, बाई. ती धानासाठीच बनली आहे." आणि म्हणता म्हणता खडू माझ्या हातातच राहिला.

माय होळीला आली होती तेव्हा बोलता बोलता म्हणाली होती, "रोशन बिचारा मच्छीसाठी का नाही केला? पानी हिरवं झालं तं चुना टाकत होता. हात फाटले होते त्याचे, भाकर बी मोडता ये नोहती." मी तेव्हा कान दिला नव्हता. तुझं कौतुक ऐकायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

पोरं घरी गेल्यावर मी बाजारातून आणलेला कळीचा चुना, न विझवलेला, चिमट्यानं एका डब्यातल्या पाण्यात टाकला. तू पाहिलं आहेस ना, भिंती रंगवताना? आधी काही होत नाही. मग फुटतो, फसफसतो, पाणी उकळून वर येतं, डबा हात लावू देत नाही. मी त्या डब्याकडे बघत उभी होते आणि मला वाटलं, तुझा उजवा हात धरून त्यात बुडवावा. कोपरापर्यंत. तुझ्या ओरडण्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला. मी तशी बाई आहे, आता तुला कळू दे.

मग मी लाल लिटमस बुडवला. एका क्षणात निळा झाला. पोरं याला गंमत म्हणतात. मच्छीच्या कल्ल्यांना ती गंमत नसते. पाणी एवढं तिखट झालं की कल्ले जळतात, मच्छी पाण्यात राहून गुदमरते. बोडीतल्या मच्छ्यांच्या कल्ल्यांवर पांढरा चिकट थर होता, डोळे दुधाळ झाले होते. तू स्वतःच पंचांसमोर सांगितलं होतंस की जहरानं डोळे फुटले.

काल रविवार नव्हता, तरी सुट्टी टाकून घरी गेले. तुझ्या घरी, बाबांच्या घरी, काय म्हणायचं ते म्हण. सोबत शाळेचा काटा घेतला. कोठ्यात चुन्याची अर्धी गोणी तशीच पडून होती. कळीचा चुना, कुटून भुकटी केलेला. बाबा खाटेवर बसले होते, माय चूल पेटवत होती.

मी विचारलं, "चुना किती टाकायचा, हे रोशनला कोणी सांगितलं?"

"अर्जुनीच्या दुकानदारानं. किलोमध्ये सांगतलं होतं."

"मग मोजला कशानं? घरात काटा कुठं आहे?"

बाबा हसले. "पायली नाही का? आपल्या पायलीत किती किलो बसते ते मले मालूम नाही? जन्म गेला मोजण्यात. मीच सांगतलो त्याले, इतक्या पायल्या टाक. आदल्या दिवशी दुपारी एका कोपऱ्यातून टाकला त्यानं."

मी कोनाड्यातली ती पायली घेतली. माझ्या लग्नात हिच्याच मापानं तांदूळ मोजून दिले होते. धान भरलं, काट्यावर ठेवलं. "हे बरोबर आहे बाबा. तुमचं धानाचं माप पक्कं आहे." धान ओतलं, नाकाला पदर बांधला, चुना भरला, काट्यावर ठेवला. काटा फिरला आणि फिरतच गेला. बाबा खाटेवरून उठून जवळ आले, वाकून बघितलं.

"काटा खराब आहे तुहा."

"पुन्हा धान ठेवते, बघा."

पुन्हा धान ठेवलं, पुन्हा चुना. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, "दुकानदारानं साधा, विझलेला चुना सांगितला असणार. तुम्ही कळीचा आणला. तो तेवढाच घेतला तरी जास्त जाळतो. वरून धानाच्या मापानं मोजला म्हणजे जवळजवळ दुप्पट टाकला. आणि तोही एका दुपारी, एका कोपऱ्यातून, मच्छ्या आत असताना. बाबा, यांनी काही टाकलं नाही. मच्छ्या आपल्या पायलीनं मेल्या."

त्यांनी ती पायली उचलली. मला वाटलं, बघायला उचलली. त्यांनी ती चुन्यासकट माझ्यावर फेकली.

कपाळाला टाके पडले आहेत. चुना डोळ्यात गेला नाही, हे नशीब. मायनं मला ओढत रांजणाजवळ नेलं. "पुस आधी, पानी नको टाकू," म्हणाली आणि कोरड्या लुगड्यानं सगळा पुसून काढला, मग घागरीवर घागर ओतली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. भिंती चुन्यानं रंगवता रंगवता शिकली असेल. बाबा तोवर कोठ्यात उभे राहून ओरडत होते, "जावयासाठी बापाले खोटं पाडते! घरात येऊन बापाचं माप खोटं पाडते!"

आणि मग आपली माय, जी आयुष्यात त्यांच्यापुढे मान वर करून बोलली नाही, ती सुलोचनाबाई हातात लाकूड घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "आता मले बी मारा. मंग जेवाले कोण देते ते पाहा." बाबा खाली बसले. रडायला लागले. मला त्यांची दया आली नाही. आज थोडी येते.

निघताना मायनं पायली माझ्या पिशवीत घातली. एका बाजूनं चेपली आहे. म्हणाली, "ने हे. घरात राहिली तं आनखीन कोनाचं डोकं फोडन."

म्हणून हे पत्र. तू ज्याच्यासाठी माणूस तोडलास ते जहर नव्हतंच. तूच टाकलेला चुना होता.

नूतन


४ ऑक्टोबर २०२५
कोहमारा

रोशन,

परवा साक्ष आहे. हे पत्र तुला त्याआधी मिळेल का माहीत नाही. मिळावं असं वाटतं.

तुझं उत्तर मी खूपदा वाचलं. "ताई, मले मालूम नोहतं. बाबानं सांगतलं तसं केलो. माह्या हातानं माह्याच मच्छ्या मेल्या अन् मी भाऊजीले मारलो, आता माहं तोंड कोनाले दाखवू? चुकून झालं ताई. तुले तं आता समजलं, मी वाईट नाही. एकच वार म्हण. माहं लेकरू लहान आहे."

खोटं बोलत नाही, मी रडले. तुझं ते वाकडं अक्षर, 'चुकून' मधला च नेहमीसारखा उलटा. मला तो अंगणातला रोशन आठवला, पाटीवर थुंकी लावून पुसणारा. आणि मी ठरवलं. एकच म्हणेन. यांना विचारणारही नाही, कोर्टात जाऊन म्हणेन, साहेब, मी लांब होते, नीट दिसलं नाही. चूक तर बाबांच्या मापाची होती. चुकलेल्या मापानं तुझं डोकं फिरलं. हात काही परत येणार नाही. तुझं लेकरू बापाविना का राहावं?

संध्याकाळी यांना सांगितलं, कारण यांच्यापासून लपवून मला भाकरी गिळवली नसती. तुझं पत्र वाचून दाखवलं. हे ओट्यावर बसून डाव्या हातानं लिहायचा सराव करत होते, मी शाळेतून आणलेल्या दुरेघी वहीत. "मले मालूम नोहतं" या ओळीवर यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली.

यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मी चिडले, म्हटलं, बोला ना, मी एक म्हणते तर तुमची हरकत आहे का? तेव्हा म्हणाले, "नूतन, मी तुले आठवत नाही म्हणालो होतो. मले आठवते."

मग सांगितलं. पहिला वार बसल्यावर ते पाळीवर पडले, तेव्हा त्यांचा हात चिखलात टेकला. चिखल पांढरा होता आणि त्यानं हाताची आग झाली. बाजूला रिकामं पोतं पडलं होतं, त्याला चुना लागलेला. मेलेल्या मच्छ्या त्याच कोपऱ्याशी जास्त होत्या. खांद्यातून रक्त वाहत असताना या माणसानं ते सगळं पाहिलं. मोटार बघताना आधी कुठं जळली ते शोधायची सवय. आणि तू कुऱ्हाड खाली घेऊन उभा होतास. यांनी तुला विचारलं, "रोशन, चुना किती टाकला होता गा?"

तू पोत्याकडे पाहिलंस. मग बोडीकडे. मग आपल्या फाटलेल्या हातांकडे.

"त्याले समजलं होतं," हे म्हणाले. "मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याले समजलं अन् मंग त्यानं उचलली."

मी म्हटलं, "तुम्ही मला एवढे महिने का सांगितलं नाही?"

"तुहा भाऊ होय. मले वाटलं तो सोताहून सांगन."

आता मला समजलं तू का थांबला होतास. मी वेडी, तुझ्या थांबण्याला दया समजत होते. गावातले लोक पाळीकडे धावत येत होते, अजून लांब होते. सगळ्यांना ओरडून सांगून बसला होतास की जावयानं जहर टाकलं. त्यांच्यासमोर हा पडलेला माणूस म्हणणार होता की रोशननं स्वतःच आपल्या मच्छ्या मारल्या. तू त्याचं तोंड बंद करायला कुऱ्हाड उचललीस. डोक्यावर. हात मध्ये आला म्हणून वाचले.

पहिला वार मी तुला माफ केला असता. खरंच केला असता. तो न मोजता मारलास, रागात, चुकीच्या समजुतीनं. त्या वारात बाबांची पायली होती, गावाच्या गप्पा होत्या, माझी न केलेली सहीसुद्धा होती. पण दुसरा तू मोजून मारलास. त्यात फक्त तू होतास.

आणि तरी मला लिहिलंस, मले मालूम नोहतं.

मी परवा दोन म्हणणार. तुझ्याकडे बघून म्हणणार. पहिला कसा, दुसरा कसा, मध्ये तू किती वेळ थांबलास, सगळं. पायली सोबत नेणार आहे. वकील म्हणतात, कोर्टात त्याची गरज नाही. मला आहे. हातात काहीतरी धरलं नाही तर माझा आवाज फाटेल.

लेकराची काळजी करू नकोस. तुझी बायको दुर्गेश्वरी त्याला घेऊन गेल्या आठवड्यात आली होती. मी दार उघडणार नव्हते, पण यांनी उघडलं. लेकरू यांच्या मांडीवर बसून रिकाम्या बाहीत हात घालून बघत होतं. विचारत होतं, आतोबा, हात कुठं गेला. यांनी सांगितलं, दुकानात ठेवला आहे, काम करून राहिला. इकडे शाळेत घालायचं असेल तर माझ्याकडे राहील. दुर्गेश्वरीला तसं सांगितलं आहे. तुझा राग त्याच्यावर काढणारी मी नाही.

जेलात मी तुला भेटायला येणार नाही. पत्रही हे शेवटचं. मला कोणतंही उत्तर नको. पण तुझे भाऊजी म्हणाले, त्यांचा एक प्रश्न बाकी आहे, तो पुन्हा विचारू दे. खाली त्यांनी स्वतः लिहिलं आहे. डाव्या हाताचं अक्षर आहे, सरावलेलं नाही. लागत नसेल तर कोणाकडून वाचून घे. त्यांना उत्तर दे.

नूतन

रोशन, चुना किती टाकला होता गा?